केरबाआबांची साठी, धुळाबांचं तोंड

धुळाबा मेटकऱ्यांचं तोंड साताऱ्यापासून मिरजेपर्यंत भिंतीभिंतीवर लागलं ते माझ्यामुळं, आणि त्या तोंडाखाली केरबा कदमांचं नाव छापलं गेलं तेही माझ्यामुळंच. यातलं पहिलं पुण्य आणि दुसरं पाप, अशी मी माझी समजूत घालतो. आमचे मालक भाऊसो मात्र दोन्ही पापातच धरतात.

सत्तेचाळीस सालचा मे महिना. रहिमतपूरच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी साताऱ्यात भाऊसोंच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो होतो. "बाळासो, तू शिकलेला. तुझ्याकडून चूक व्हायची नाही," असं म्हणून भाऊसो एका पगारात दोघांची कामं काढून घेत. अशात एका दुपारी रहिमतपूरचे लालासाहेब आले. गावात सत्कार, हळदीकुंकू, कुस्त्या, काहीही असो, अध्यक्ष हेच. त्यांना हस्तपत्रकं छापून हवी होती. रहिमतपूरचे पेन्शनर हवालदार केरबा कदम विसाव्या साली ऑलिंपिकला बेल्जमात धावून आले होते. पुढच्या वर्षी बारा वर्षांच्या खंडानं लंडनला ऑलिंपिक भरणार, इकडं स्वराज्य दारात आलेलं, आणि नेमके केरबाआबा साठ वर्षांचे होणार. मग साठी दणक्यात नको व्हायला?

तारीख एक जून. ती शाळेच्या रजिस्टरातून काढली होती. आता आमच्या शाळेच्या रजिस्टरात अर्धा गाव एक जूनलाच जन्मलेला आहे. जुन्या मास्तरांनी पोराच्या बापाला जन्मतारीख विचारायची, बापानं आढ्याकडं बघायचं, आणि मास्तरांनी एक जून लिहून पुढच्या पोराला हाक मारायची. मीही एक जूनचाच. माझी विशी मात्र कुणी साजरी केली नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

हस्तपत्रकावर फोटो पाहिजे, असा लालासाहेबांचा हट्ट. छापखान्याच्या अडगळीत विसाव्या सालचा जस्ताचा एक ठसा पडला होता. मुंबईला बोटीवर चढलेल्या आठ गड्यांचा. "छापील फोटोत डावीकडून तिसरा म्हणजे केरबा," लालासाहेब सांगून गेले. मी ठसा खिडकीशी नेला, डावीकडून तिसरा गडी मोजला आणि करवतीनं त्याचं डोकं कापून काढलं. छापखान्यातल्या माणसाला उलटं वाचायची सवय होते. खिळ्यातली उलटी अक्षरं मी चहा पिता पिता सुलटी वाचतो. पण ठशावर अक्षरांसारखी माणसंही उलटी असतात, डावीकडचा गडी कागदावर उजवीकडं जातो, हे काही माझ्या मॅट्रिक डोक्यात आलं नाही. आठही गड्यांना सारखाच फेटा, सारख्याच मिशा, सारखीच खपाटीला गेलेली पोटं. आणि सत्तावीस वर्षांत केरबाआबांच्या अंगावर एवढा ऊस चढला होता, की जुन्या फोटोत त्यांना त्यांच्या आईनंही शोधलं नसतं.

सहाशे हस्तपत्रकं छापली. कोरेगाव, कराड, सांगली, मिरज, रेल्वे जाईल तिथं ती गेली.

चौथ्या दिवशी केरबाआबा स्वतः छापखान्यात आले. हातात हस्तपत्रक, मागं लालासाहेब.

"बाळासो, ह्यो कोन?"

"तुम्हीच की आबा. तरुणपणचे."

"मी?" आबांनी कागद माझ्या नाकाशी धरला. "ह्यो मी? आरं, ह्यो धुळ्या हाय! जतचा मेंढक्या! साठी माजी, नाव माजं, खर्च माजा, आन् तोंड ह्या मेंढक्याचं?"

भाऊसोंनी माझ्याकडं असं पाहिलं, की करवत कुठं ठेवलीय ते मला आठवायला लागलं. दुसरी पत्रकं छापावीत, तर कंट्रोलचा कागद संपलेला. जुलैपर्यंत एक ताव मिळायचा नव्हता.

"जाऊ द्या हो आबा," लालासाहेब म्हणाले. "सत्तावीस वर्षांपूर्वीचं तोंड. कोण ओळखतंय?"

"कोन म्हंजे? दरसाल येतंय ते हितं! तसंच वाळकं, तशाच मिशा. आठवडाभरात मेंढरं घिऊन आमच्या शिवंवर ईल. माज्या चारी बाजूच्या रानात मेंढरं बसवतंय, पर माज्या रानात एक लेंडी पडू देत न्हाई. पंचवीस सालं झाली!"

ज्यांच्या गावाकडं धनगर येत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जतकडचे मेंढके उन्हाळ्यात कळप घेऊन कृष्णेच्या काठाकाठानं वर येतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात रात्रभर मेंढरं बसवायला सांगतो, लेंड्यामुताचं आयतं खत होतं, आणि मेंढक्याला त्याबद्दल जोंधळा मिळतो. पाऊस लागायच्या आत ते परत फिरतात. चारी बाजूंची रानं काळीभोर आणि मधलं केरबाआबांचं तेवढं खताविना फिकट, हे शिवारात सगळ्यांना माहीत होतं. कारण मात्र कुणाला माहीत नव्हतं.

लालासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चूक तुझी, निस्तरायची पण तूच. त्याला गाठ आणि एक तारखेच्या आत जतच्या वाटेला लाव."

मी रहिमतपूरला गेलो. केरबाआबांच्या उसाच्या बांधाला लागूनच मेंढरांचा तळ होता. बाभळीखाली घोंगडी टाकून एक वाळका म्हातारा पेढा खात बसला होता. शेजारी तीन नारळ, एक कोरी टोपी आणि पेढ्यांचा पुडा. मेंढरं कोंडायच्या जाळ्याच्या खुंटाला माझं हस्तपत्रक टोचलेलं. त्याची खालची घडी मागं दुमडली होती. तोंड पुढं, नाव मागं.

"धुळाबा मेटकरी का?"

"न्हाई. मी केरबा कदम," म्हातारा म्हणाला. "कराडपासनं समदी तसंच म्हनत्यात. हाटेलवाल्यानं बोलवून पेढा दिला. एका मास्तरनं शाळंत निऊन टोपी घातली. पोरं पाया पडली. म्या कशाला न्हाई म्हनू?" त्यांनी पेढा गिळला. "पर दरएक जन पाया पडताना नाव त्येचंच घेतंय. पेढा माज्या तोंडात, नाव त्येचं. ग्वाड लागंल व्हय रं?"

चूक माझी, हे मी कबूल केलं. मला वाटलं काठी बसणार. पण त्यांनी मला अर्धा पेढा दिला आणि बोलायला लागले.

एकोणीस साली ते बकरी विकायला पुण्याकडं गेले होते. माळावर कळप सोडून उभे असताना त्यांना दिसलं, की एक आडदांड गडी चड्डी-बनियनवर जिवाच्या आकांतानं पळतोय आणि मागं पंधरावीस माणसं लागलीत. धुळाबांनी ओळखलं, चोर! हातातली काठी टाकून ते धावले, मैलभरात त्याला गाठला आणि कंबरेला मिठी मारून पाडला. ती शर्यत होती. पाडलेला गडी पलटणीतला केरबा कदम होता, आणि तो पहिला येत होता.

"सायब लोकं आली. मला वाटलं, आता तुरुंगात घालत्यात. तर म्हनाली, पयल्याला गाठून पाडतो म्हंजे पयल्यापरास बेस पळतो. आन् नाव लिवलं माजं. केरबाचंबी लिवलं. तवापासनं त्यो माज्यावर जळतोय."

"आणि तुम्ही?"

"म्या कशाला जळू?" एवढं बोलून म्हाताऱ्यानं आबांच्या उसाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत मोजून पाहिलं. "त्येला पलटनीची पेन्शन. त्येला पाटाचं पानी. त्येला अंबूबाईवानी बायकू. शाळंच्या वहीत त्येची जन्माची तारीख. आता साठी. मला साठी आली का गेली, तेबी ठावं न्हाई. म्या कशाला जळू!"

बेल्जमातली शर्यत म्हणजे रानावनातून, चिखलातून सहा-साडेसहा मैल. दोघांच्याही पायांत आयुष्यातले पहिले बूट. धुळाबांनी ते दुसऱ्या मैलाला काढून कुंपणावर टाकले. पुढचे गोरे केव्हाच दिसेनासे झाले, मागचे तिघं वाटेतच बसले. हे दोघं शेवटच्या वळणावर आले तेव्हा तिथले लोक निशाणं उपटून गाडीत भरत होते. कोण पुढं, कोण मागं, बघायला कुणी उरलंच नव्हतं. आकडा कुठं लिहिला गेला नाही. तेव्हापासून दोघांचा वाद आहे: शेवटून चौथा कोण आणि शेवटून पाचवा कोण.

आणि वादात एक पैज अडकलेली. बोटीवर दोघांनी हातावर हात मारून ठरवलं होतं. धुळाबा मागं राहिले, तर त्यांनी केरबाआबांच्या रानात एक रात्र मेंढरं फुकट बसवायची. केरबाआबा मागं राहिले, तर त्यांनी पायलीभर जोंधळा द्यायचा. जो देईल तो हरला. म्हणून इकडून पायली गेली नाही आणि तिकडून मेंढरं आली नाहीत. पुढं आबांनी पैसे देऊन मेंढरं बसवायला बोलावलं तरी धुळाबा गेले नाहीत. एकदा तिथं लेंडी पडली, की ती पैजेचीच म्हणून आबा गावभर सांगणार.

"पण खरं पुढं कोण होतं धुळाबा?"

"मी."

"आबा म्हणतात, ते."

"त्यो माजी पाठ बघत पळत हुता. त्येला इचार, माज्या पाठीवर तीळ किती. बराबर सांगंल."

निघता निघता मी वय विचारलं. ते हसले. "बोटीवर केरबा मला 'पोरा, पोरा' म्हनायचा. असंन तीन-चार सालानं धाकला. मेंढराला आन् मेंढक्याला कोन इचारतंय?"

मग मी मुद्द्यावर आलो. साठीच्या आत जतला निघावं, म्हणून हात जोडले. म्हातारा उठला, हस्तपत्रकाची मागची घडी त्यानं उलगडली आणि आबांच्या नावावर मातीचं बोट ठेवलं.

"आमाला वाचाय येत न्हाई, पर ह्ये माजं नाव न्हाई येवडं कळतं. तू माजं तोंड लावलंस. आता त्या तोंडाखाली माजं नाव येकडाव चार मानसांत घे. येकडाव. त्ये झाल्याबिगर म्या जात न्हाई. माजं तोंड तितं टांगल्यालं, आन् म्या हितं बसू?"

परत येताना मला, खरं सांगायचं तर, दोघांचाही हेवा वाटला. मी पुण्याच्या पुढं कधी गेलेलो नाही. शेवटून पाचवा यायचं म्हटलं तरी आधी आगबोटीत बसावं लागतं.

एक जूनला रविवार होता. शाळेच्या पटांगणात मांडव, कर्णा, पताका. चार वाजता माणूस मावेना. स्टेजवर एकच खुर्ची, तीत केरबाआबा. अंगावर नवा कोट, डोक्याला गुलाबी फेटा. मांडवाच्या खांबाखांबाला माझी हस्तपत्रकं. बाहेरगावाहून आलेली माणसं एकदा खांबाकडं बघत, एकदा खुर्चीकडं.

"ह्यो कोन रं बसलाय?"

"आध्यक्ष असंल."

"मंग ऑलिंपिकवाला कुटं हाय?"

हे आबांना ऐकू जात होतं. फेट्याखाली त्यांचं तोंड फेट्यापेक्षा गडद व्हायला लागलं. अंबूबाई, म्हणजे आबांच्या मंडळी, ताट घेऊन बाजूला उभ्या होत्या. ताटात कणकेचे साठ दिवे. साठीला जितकी वर्षं तितक्या दिव्यांनी ओवाळतात, तो मान.

एवढ्यात मांडवाच्या तोंडाशी धुळाबा दिसले. धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी, डोक्यावर ती शाळेची कोरी टोपी. कुणीतरी खांबाकडं पाहिलं, म्हाताऱ्याकडं पाहिलं आणि ओरडलं, "आलं! आलं!" सगळा मांडव उभा राहिला. टाळ्या पडल्या. धुळाबांना पुढच्या पुढं ढकलत लोकांनी थेट स्टेजवर नेऊन आबांच्या शेजारी उभं केलं.

दोघं सत्तावीस वर्षांनी एका फळीवर उभे होते. आबा ओठ न हलवता म्हणाले, "आलास व्हय तोंड घिऊन?"

"तूच लावलंस की गावभर," धुळाबा म्हणाले.

लालासाहेब आयुष्यभर अध्यक्ष राहिलेला माणूस. त्यांनी डोळ्यानं खूण केली आणि हेडमास्तरांची खुर्ची आली. तिचा एक पाय आखूड होता. धुळाबा तीत डुगडुगत बसले. लालासाहेब कर्ण्याशी गेले, "आणि हे आपले... हे..." म्हणत त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नाव त्यांना माहीत नव्हतं. मी पुढं झालो. कर्णा तोंडाशी ओढला.

"मंडळी, तुमच्या हातातल्या पत्रकावर नाव केरबा कदमांचं आणि तोंड धुळाबा मेटकऱ्यांचं आहे. चूक छापखान्याची, म्हणजे माझी. विसाव्या साली दोघंही ऑलिंपिकला धावले. ह्या तोंडाचं नाव धुळाबा मेटकरी. गाव जतकडचं."

"धुळाबा मेटकरी की जय!" मागून कुणीतरी ओरडलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण अंबूबाई आबांना ओवाळायला लागल्या, आणि धुळाबांनी डोळे उघडले. साठ दिव्यांचा उजेड आबांच्या गालांवर खालीवर होत होता. धुळाबांची नजर त्या ताटाबरोबर खालीवर होत होती. उसाकडं पाहिलं होतं तशीच. नाव मिळालं होतं. दिवे नव्हते.

अंबूबाईंचं ओवाळून झालं. शेजारी बसलेला पाहुणा तसाच कसा ठेवायचा? त्या वळल्या. "भावजी, तुमास्नी किती लावू? वय काय तुमचं?"

धुळाबांनी ताटाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं.

"येकसष्ट."

"आरं तुज्या!" आबा खुर्चीतून अर्धे उठले. "ह्यो माज्याहून धाकला हाय! बोटीवर मी ह्येला पोरा म्हनायचो!"

"लाडानं म्हनत हुता," धुळाबा लोकांना म्हणाले.

हशा पिकला. लालासाहेब माझ्याकडं वळले. "बाळासो, तू भेटला होतास ना? चौकशी केलीस ना वयाची?"

केली होती. तीन-चार सालानं धाकला, हे शब्द माझ्या कानात होते. आबा माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्या गावचा. धुळाबा बघत नव्हते. ते आखूड पायाच्या खुर्चीत तोल सांभाळत ताटाकडंच बघत होते. ठसा कापताना माझी चूक झाली ती नकळत. ही दुसरी मी समजून उमजून केली.

"होय," मी म्हणालो. "एकसष्ट."

अंबूबाईंनी पदराआडून एक दिवा काढला. फुटलातुटला तर असावा म्हणून त्यांनी जास्तीचा केला होता. तो पेटवून साठांत ठेवला आणि त्यांनी धुळाबांना ओवाळलं. त्या एका जास्तीच्या दिव्याकडं आबा असे बघत होते, की ते फुंकर घालतात की काय, असं मला वाटलं. मग अंबूबाई नवऱ्याकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवं, बघताय काय? थोरलं हाईत. पाया पडा."

पाटाच्या पाण्याचा बागायतदार, पलटणीचा हवालदार, सगळ्या गावासमोर आणि पाया पडायचं ते मेंढक्याच्या! आबांनी इकडंतिकडं पाहिलं. पण ओवाळून झाल्यावर थोरल्याच्या पाया न पडता उठायचं कसं? ते वाकले. पोट मध्ये येत होतं म्हणून दोनदा वाकले. मी कर्ण्यापाशी होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"वयाला वाकलो," आबा खालून म्हणाले. "शर्यतीला न्हाई. मी पुढं हुतो."

धुळाबांनी त्यांच्या गुलाबी फेट्यावर हात ठेवला. "औक्षवंत हो, पोरा," ते म्हणाले. आणि हळूच, "पायली कवा आनतोस?"

"आदी मेंढरं बसव."

"पायली आन."

लालासाहेब कर्ण्यातून दोघांच्या सत्तावीस वर्षांच्या जिव्हाळ्याबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला निघालो तेव्हा धुळाबांचा कळप आबांच्या बांधाकडेनं पूर्वेला चालला होता. ते कानडीत मेंढरं मोजत होते, ओंदु, एरडु, मूरु. आबा अंगणातून बांधावर येऊन उभे. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. एवढ्यात कळपातला एक मेंढा बांध उतरून आबांच्या रानात शिरला आणि शेपूट उचलायच्या बेतात उभा राहिला.

काठी टाकून धुळाबा पळाले. सत्तावन्नचे म्हणा नाहीतर एकसष्टचे, पण ते ढेकळांवरून असे गेले की मी गाडीची वेळ विसरलो. त्यांनी मेंढ्याच्या कंबरेला मिठी मारली, तसाच उचलून बांधापार नेला आणि मग खाली ठेवला. मेंढ्यानं तिथं, शेजाऱ्याच्या रानात, काम उरकलं. पुण्याच्या माळावर आबांना कसं गाठलं असेल, ते मला त्या वेळी कळलं. बेल्जमात पुढं कोण असेल, तेही बहुतेक कळलं. पण ते मी छापणार नाही. माझ्या हातून आधीच बरंच छापून झालंय.

"येक रात!" आबा बांधावरून ओरडले.

"पायली!" कळपाच्या धुरळ्यातून आवाज आला.

परवा रहिमतपूरला गेलो होतो. आबांच्या चारी बाजूंची रानं काळीभोर होती.